घरचं मागनं

आपणच घातलेली अट आपल्या अंगाशी येणार, हे मानसिंगला सकाळी साडेआठ वाजता कळलं. तोवर तो कुंडल फाट्यावरच्या आपल्या बंद दुकानाच्या ओट्यावर अगदी निवांत बसून होता. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन पडलं होतं, रस्त्यापलीकडच्या उसाला तुरे आले होते आणि कारखान्याकडं निघालेल्या बैलगाड्या पेंगत पेंगत चालल्या होत्या. कुणी येणार नव्हतं. दुपारपर्यंत वाट बघायची, दोन वेळा चहा घ्यायचा आणि लेकीला म्हणायचं, बघ बाई, कोण आलं न्हाई, आता टायरांच्या ढिगाला हात लावायचा न्हाई. बेत साधा होता आणि मानसिंगला तो पक्का वाटत होता.

तेवढ्यात एसटी थांबली आणि तिच्यातून मेढ्याचा चिंतामण उतरला. पंचाहत्तरी ओलांडलेला ड्रायव्हर. कानाला मफलर, हातात पिशवी, पाय धरलेले, पण डोळे अजून रस्ता बघणाऱ्याचे.

"फौजी, ओळखलं का?" त्यानं लांबूनच आवाज दिला. "पोरीचा फोन आल्ता. म्हनली, तुमचं टायर हाय आमच्याकडं, हात लावून जावा. काल कराडात लेकीकडं मुक्काम टाकला. म्हटलं, एवढं बोलावलंय तर जायाला पायजे."

मानसिंगनं त्याला ओळखलं. इतकं चांगलं ओळखलं की हातातला कप ओट्यावर ठेवायला दोन वेळा जागा शोधावी लागली.

चिंतामणमागोमाग विट्याकडची जीप आली. मग पलूसचे तिघे दुचाकीवरून आले. दहा वाजेतो दुकानापुढं चाळीसेक माणूस जमलं. कुणी स्वतः, कुणी बापाच्या नावासाठी, कुणी सासऱ्याच्या. शिवांजलीनं महिनाभर फोन फिरवले होते, हे बापाला ठाऊक होतं. पण लोक एका जुन्या टायरासाठी कामधंदा टाकून येतील, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

टायरांची गोष्ट अशी होती. फौजेच्या वर्कशॉपात सतरा वर्षं काढून मानसिंग गावी आला, तेव्हा वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, फाट्यावर जागा घेऊन त्याला टायर रिमोल्डचं दुकान घालून दिलं. झिजून गोटा झालेल्या टायराला तापल्या साच्यात नवं रबर चढवायचं आणि परत रस्त्यावर पाठवायचं. साताऱ्यापासून जतपर्यंतचे ट्रकवाले यायचे. टायर टाकून जायचे, मानसिंग त्याच्या आतल्या अंगाला पिवळ्या ऑइलपेंटनं नाव घालायचा. पुढं स्वस्तातली नवी टायरं आली, धंदा बसला. पण माणसं टाकून गेलेली तीनशेवर टायरं दुकानामागं तशीच राहिली. ग्रामपंचायतीनं डासांसाठी नोटिसा दिल्या, बायको शकुंतला सापांच्या भीतीनं रोज बोलायची. मानसिंगचं एकच उत्तर होतं: ज्याचं नाव, त्याचं टायर. आपण कोण त्याला हात लावणार?

लोकांना त्याचं हे इमान फार कौतुकाचं वाटायचं. त्या कौतुकाखाली काय दडलं होतं ते एकट्या मानसिंगला माहीत होतं. ढिगाच्या अगदी तळाशी, भिंतीला लागून, एक टायर होतं आणि त्याच्यावर त्याच्या थोरल्या भावाचं नाव होतं. ज्ञानू. ते टायर तिथं असायलाच नको होतं, कारण ज्ञानूदादानं टायर रिमोल्डला दिलंच नव्हतं, असं मानसिंगनं सत्तावीस वर्षांपूर्वी सगळ्यांना सांगितलं होतं.

"आबा, चला की," शिवांजली शेडातून बाहेर आली. अंगात निळा कोट, केस बांधलेले, हाताला ग्रीस. सांगलीला इंजिनिअरिंग केलेली ही पोर चार ठिकाणच्या नोकऱ्या सोडून परत आली होती आणि तिनं चुलतीच्या जागेत टायरची गिरणी घातली होती. नाव प्लँट, पण फाट्यावर सगळे गिरणीच म्हणत. "पहिलं नाव तुम्ही वाचायचं. अट तुमची हाय न्हवं?"

अट त्याचीच होती. गेल्या महिन्यात घरात बैठक बसली, तेव्हा ढीग गिरणीला द्यायचा का यावरून दोन तट पडले होते. लेक आणि वहिनी एका बाजूला, मानसिंग आणि ज्ञानूचा मुलगा जयराज दुसऱ्या बाजूला. जयराज म्हणाला होता, नानांचा, म्हणजे मानसिंगचा, शब्द मोडायचा नाही. तेव्हा मानसिंगनं मोठ्या मनाचा आव आणून तोडगा काढला: ज्याचं नाव, त्यानं किंवा त्याच्या घरच्यानं टायराला हात लावून ‘जाऊ दे’ म्हणायचं, मगच टायर कापायचं. आपण किती हुशार, असं त्याला त्या रात्री वाटलं होतं.

आता जयराज बाह्या सारून ढिगाशी उभा होता आणि वरची टायरं खाली घेत होता.

"तू बी तिकडं गेलास व्हय रं?" मानसिंगनं हळूच विचारलं.

"नाना, मानसं आली की," जयराज हसला. "मेढ्यासनं म्हातारं आलंय. त्यांनी मान ठेवला, आता आपुन ठेवायचा. तुमीच शिकवलंय." त्याचं हसणं डिट्टो बापाचं होतं. मानसिंगनं नजर वळवली.

पहिलं नाव वाचलं गेलं. विट्याच्या एका मुलानं बापाच्या नावावरून बोटं फिरवली, म्हणाला, "जाऊ दे," आणि मग लगेच, "थांबा, एक फोटो काढतो." दुसऱ्या नावाचा मालक पुण्याला होता. शिवांजलीनं मोबाईलवर त्याला टायर दाखवलं. पलीकडून आवाज आला, "ताई, माझ्यातर्फे तुम्हीच लावा हात. आणि त्या टायरानं मला तीनदा बेळगावला नेऊन आणलंय, म्हणून नमस्कार सांगा." लोक हसले, तिनं खरंच टायराला नमस्कार केला. मग बटण दाबलं आणि गिरणी हुंकार देऊन चालू झाली.

मानसिंग दाराशी उभा राहून बघत राहिला. पहिल्या यंत्रानं टायराच्या काठातली तार दाभण ओढावं तशी उपसून काढली. दुसऱ्यातल्या सुऱ्यांनी त्याचे तळहाताएवढे तुकडे केले. ते पट्ट्यावरून चढत जाऊन दोन जाडजूड लोखंडी रुळांमध्ये पडले. लोहचुंबकानं उरलीसुरली तार धरली, पंख्यानं दोरे उडवले आणि हलत्या चाळणीखालच्या पोत्यात काळी कणी पडू लागली, कारळं पडावं तशी. ही कणी पुढं खेळाच्या मैदानात जाणार, डांबरात जाणार, असं शिवांजली लोकांना सांगत होती. गरम रबराचा ओळखीचा वास सुटला आणि मानसिंगचं मन त्या वासाबरोबर मागं मागं गेलं.

नावं येत राहिली. विजापूर रस्ता आला, कोकणातून मासळी आणणारी गाडी आली, पाचगणीची शाळेची बस आली, पंढरपूरकडं बटाटा नेणारा एक तोतरा ड्रायव्हर आला, जो गाणं म्हणताना मात्र कधी अडखळायचा नाही. हात लावायला माणूस हजर असायचा, नसला तर फोनवर असायचा, आणि आठवणी सांगायला म्हातारे ओट्यावर बसलेले होते. "ह्यो न्हवं का, जत्रंत हरवला हुता आन गाडीसकट सापडला!" असं कुणी म्हणायचं आणि सगळे हसायचे. दुपार झाली. ऊन मऊ होत गेलं, उसाचे तुरे वाऱ्यानं एकाच बाजूला कलले. मानसिंगला वाटलं, सगळ्या आयुष्यातले रस्तेच कुणीतरी दळायला घातलेत आणि आपण पीठ बघत उभे आहोत. मधूनच त्याला पार विसरून जायला व्हायचं, की ढीग खाली खाली येतोय.

शालूबाईनं सगळ्यांना जेवू घातलं. ज्ञानूची बायको, मानसिंगची वहिनी. शेडाची जागा तिची, त्यामुळं आजचा मान तिचा, असं शिवांजलीनं ठरवून टाकलं होतं. ती खुर्चीवर बसून नावं ऐकत होती. एका गुळगुळीत टायराकडं बघून ती जयराजला म्हणाली, "बग, लोकं कशी येळंवर टायरं टाकून जायाची. तुझा बा एकटाच तसला. गोटा टायरावर पुन्याला निघाला. तुला किती येळा सांगते, त्येच्यासारखा बेफिकीर ऱ्हाऊ नगंस."

"व्हय आई," जयराज म्हणाला. तो हे लहानपणापासून ऐकत आला होता. त्याची दोन टेम्पोंची वाहतूक होती आणि रोज सकाळी तो आठही चाकांना वाकून हात लावून बघायचा. गावात त्याची त्यावरून चेष्टा व्हायची. बाप ज्या चुकीनं मेला ती आपण करायची नाही, एवढं त्यानं मनाशी धरलं होतं.

मानसिंगनं हातातला घास ताटात परत ठेवला. शालूबाईनंच पाणी पुढं केलं.

तीन वाजता ढिगात तीसेक टायरं उरली. मानसिंग उठला. "आता बास करा," तो मोठ्यानं म्हणाला. "मानसं दमली. ऱ्हायलेली उद्या बगू."

"आबा, एवढंच तर राहिलंय," शिवांजली म्हणाली. "आणि ही माणसं उद्या कशी येतील?"

"न्हाई म्हटलं की न्हाई! भित्तीकडंला साप असत्यात."

"मग मीच काढतो की," जयराज म्हणाला.

"तू थांब. मी बगतो आधी."

तो एकटाच ढिगामागं गेला. कोपऱ्यात रॉकेलचा डबा होता, चिंध्या होत्या. सकाळपासून त्यानं ते मनात ठेवलं होतं. पाच-सहा टायरं बाजूला केली आणि ते दिसलं. धूळ खाऊन राखाडी झालेलं, पण पेंट तसाच होता. बाकीच्या सगळ्या टायरांवरचं अक्षर मानसिंगचं, फौजेत गिरवलेलं, सरळ. या एकावरचं अक्षर वाकडं होतं. ज्ञानूदादानं ब्रश हिसकावून घेऊन स्वतः नाव घातलं होतं. आणि नाव घालताना ‘ज्ञ’ची गाठ काही केल्या जमेना, म्हणून जीभ बाहेर काढून, डोकं तिरकं करून बसला होता, शाळेतल्या पोरासारखा.

मानसिंगनं चिंधी रॉकेलात बुडवली. गुडघ्यावर बसला. चिंधी अक्षरापाशी नेली आणि त्याचा हात थांबला. एकदा पुसलं की झालं, असं तो स्वतःला सांगत होता. बिननावाचं टायर, कुणाचं ते आठवत नाही, जाऊ दे. वहिनी उद्याही दादाला बोल लावील, जयराज उद्याही चाकांना हात लावील, आणि आपण इमानाचे म्हणून मिरवू. त्याला स्वतःची किळस आली. चिंधी त्यानं टाकून दिली. टायर उभं केलं आणि ढकलत ढकलत सगळ्यांच्या मधून नेऊन शालूबाईच्या खुर्चीपुढं धरलं.

"वहिनी," तो म्हणाला, "ह्येला तुमचा हात लागला पायजे."

शालूबाईला वाचायला वेळ लागला. आधी तिला अक्षर ओळखू आलं. ती उभी राहिली.

"ह्यांनी नाव घातलंय ह्ये. ह्ये कुठनं आलं?"

शिवांजलीनं बटण बंद केलं. रूळ फिरायचे थांबले आणि रस्त्यावरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आत येऊ लागला.

"दादा सोमवारीच घिऊन आल्ता," मानसिंग म्हणाला. "मी तुमाला खोटं सांगितलं. त्येनं टायर दिलं हुतं. म्हनला, मी बी गिऱ्हाईक हाय, माजं बी नाव घालतो. शनवारी गुळाची भरती घिऊन पुन्याला जायाचंय, तवर दे. मी बेस्तरवारी देतो म्हटलं."

"मग?"

"बेस्तरवारी दुसरं गिऱ्हाईक आलं. लय नडलेलं. साचा एकच. आप्पा आत बसलेलं, म्हनलं, गिऱ्हाईक आधी, घरचं मागनं. तुमाला म्हाइतीच हाय आप्पांचं. घरचं काम कायम मागनं. मी दादाचं टायर उचलून बाजूला ठिवलं." त्याचा आवाज फुटला. "शनवारी तो स्टेपनीचं गोटा टायर चढवून गेला. खंबाटकीत फुटलं. पोलिसांनी इचारलं, टायर असलं गोटा कसं, आन तुमी बी इचारलं. माज्या तोंडातनं निघून गेलं, दादानं टायर दिलंच न्हाई म्हनून. मग ते मागं घ्यायाची छाती झाली न्हाई. एक दिस बी झाली न्हाई."

शकुंतला तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली. शिवांजली बापाकडं असं बघत होती, की हा माणूस तिनं आज पहिल्यांदाच पाहिला असावा.

जयराज पुढं आला. मानसिंगला वाटलं, आता हा मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुमी बाजूला ठिवलं तवा," जयराज म्हणाला, "पप्पा काय म्हनलं?"

"हसला," मानसिंग म्हणाला. "म्हनला, होऊ दे त्यांचं. त्यो घाटातला मानूस, त्येला जास्त गरज. मी जातो सावकाश."

"सावकाश जातो म्हनलं?"

"व्हय."

जयराजनं मान हलवली. सहा वर्षांचा असताना गेलेल्या बापाचं एक वाक्य त्याला आज मिळालं होतं. ते तो ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणाला. मग त्यानं टायर मानसिंगच्या हातातून काढून घेतलं. "ह्ये गिरनीत जायाचं न्हाई. मी नेनार," तो म्हणाला आणि टायर टेम्पोकडं घेऊन गेला. नानांकडं त्यानं बघितलं नाही.

शालूबाई अजून उभीच होती. तिचा हात टायर होतं तिथंच, हवेत राहिला होता.

"सत्तावीस वर्सं मी त्यांना बोल लावला, भावजी," ती म्हणाली. "गेलेल्या मानसाला. सनावाराला नैवेद दाखवताना बी म्हनायची, बायकापोरांची काळजी असती तर टायर बदललं असतं. लेकाला बी तेच शिकवलं. आन तुमी माज्याच हातचं जेवत बसून ऐकत हुता."

"व्हय," मानसिंग म्हणाला.

"तुमच्याशी मला आज बोलायचं न्हाई. कवा बोलंन ते बी म्हाईत न्हाई." तिनं हात खाली घेतला. "एवढंच सांगा. गिऱ्हाईक कोन हुतं?"

मानसिंगची नजर ओट्याकडं गेली आणि खाली वळली. सांगावं लागलंच नाही. मेढ्याचा चिंतामण काठी टेकत उठत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी हुतो, बाई," तो म्हणाला. "मला काय बी ठावं नव्हतं. आईशपथ ठावं नव्हतं. मी हाता-पाया पडलो हुतो फौजीच्या. भाताची गाडी घाटात अडकलेली..."

"तुमी बसा, तात्या," शालूबाई म्हणाली. ती सावकाश चालत त्याच्याजवळ गेली आणि ओट्यावर त्याच्याशेजारी टेकली. मग तिनं विचारलं, "ते टायर चाललं का वं?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं. खोटं बोलावं का खरं, हे त्याला क्षणभर कळेना. मग तो खरं तेच बोलला.

"लय चाललं, बाई. तीन वर्सं. पावसाळ्यात केळघरच्या घाटात दरड आली, सगळ्या गाड्या घसरल्या, माजी तेवडी धरून ऱ्हायली. घरची समदी गाडीत हुती त्या दिशी. धाकटी लेक पोटुशी. जिच्याकडनं आज आलो, ती."

"काय झालं तिला?"

"मुलगी. आता कालेजात शिकवती."

"बरं झालं," शालूबाई म्हणाली. "बरं झालं बया." आणि तोंड ओंजळीत धरून ती रडू लागली. ज्ञानू गेल्यापासून ती त्याच्यासाठी पुष्कळदा रडली होती, पण प्रत्येक वेळी त्या रडण्यात त्याच्यावरचा राग असायचा. आज नव्हता. शिवांजली धावत जाऊन तिला बिलगली, शकुंतला गेली, जयराज टेम्पोपासून माघारी आला आणि आईच्या पायाशी मातीत बसला. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी सरकून त्यांना जागा करून दिली. मानसिंग होता तिथंच उन्हात उभा राहिला. त्याला कुणी बस म्हटलं नाही.